वादीतलं रानअंजीर

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. नमाजाच्या चटईवर, जिथे लपवण्यात काही अर्थच नाही, तिथेही कधी शब्दांत मांडलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही — बसा जरा.

मी सलीम, दापोलीकडचा. शारजात अल नहदाला राहतो, रस्त्यांच्या कामावर सर्व्हेअर आहे. काही वर्षांपूर्वी आमची साइट डोंगरातल्या एका वादीत होती. वादी म्हणजे कोरडी नदी, नुसते धोंडे. तिथे कातळाच्या फटीत एक रानअंजीर उभं होतं. पाणी कुठून पीत होतं कोण जाणे. फळं बोरापेक्षा लहान, पण अशी गोड — आजही बाजारातलं मोठं अंजीर खाल्लं की मला फसवल्यासारखं वाटतं.

आमचा पोकलेन चालवायचा दत्ताराम, माणगावकडचा. तो त्या झाडाला उंबरच म्हणायचा. आता नावच दत्ताराम — उंबराखाली चपला घालून कसा बसेल? तापलेल्या खड्यांवरून अनवाणी उड्या मारत सावलीत शिरायचा. मी म्हणायचो, आमच्या कुराणात अंजिराची शपथ आहे. "मग झाड दोघांचं, सलीमभाई." दुपारच्या सुट्टीत त्याच्या डब्यातली सुकट, माझ्या घरची तांदळाची भाकरी आणि वर पिकली फळं. इतकं निवांत जेवण पुढे मला या मुलखात मिळालं नाही.

बकऱ्या राखणारा एक म्हातारा अरब तिथे यायचा. त्याने इंजिनियरचा हात धरून सांगितलं होतं, "हबीबी, मेरे बाप का बाप भी ये खाया. इसको नहीं काटना." इंजिनियर भला माणूस. त्याने रस्त्याची ओळ सहा मीटर सरकवली, नवा नकाशा माझ्या हातात दिला.

रस्त्याची ओळ दाखवणाऱ्या खुंट्या हलवायचं काम माझं. शनिवारी दुपारचं ऊन... नाही, उन्हावर कशाला ढकलू? मला घरी लवकर जायचं होतं. दत्तारामने विचारलं, "हलवल्या?" मी गाडीतूनच म्हटलं, "खलास, झालं." सोमवारी पहाटे येऊन हलवीन, असं मनाशी धरलं होतं.

सोमवारी मला जाग उशिरा आली.

पोचलो तेव्हा झाड आडवं पडलं होतं. दत्तारामने झाडाला पोकलेनची बकेट लावलीच नव्हती हो — जुन्या ओळीवर चर खणत होता, आणि खालचा कातळच मुळांसकट सुटला. पोकलेन चालू ठेवून दत्ताराम टँकरकडे धावला होता. पाणी आणायला — मुळांवर ओतायला.

आसपास कोणी नव्हतं. तेवढ्या वेळात मी काय केलं असेल? जुन्या खुंट्या उपटल्या. सहा मीटरवर, नव्या नकाशाप्रमाणे, नीट ठोकल्या. अंतर टेपने मोजूनसुद्धा घेतलं. हे मला अजून आठवतं.

दत्ताराम बादली घेऊन आला. झाडाकडे पाहिलं, मग खुंट्यांकडे. बादली खाली ठेवून डोळे चोळले.

इंजिनियरने मला विचारलं, "सलीम, तुमने मार्किंग किया था ना?" मी होकाराची मान हलवली. "फिर ये लाइन के बाहर कैसे गया?" मी दत्तारामकडे बोट दाखवलं. तोंडातून शब्दही काढला नाही.

आठवड्याभरात त्याला परत पाठवलं. विमानतळावर मीच सोडलं. गाडीत तो म्हणाला, "माझ्याच हातून गेलं, सलीमभाई. डोळ्यांना काय झालं होतं, कळत नाही." मी गाडी चालवत राहिलो.

गेल्या वर्षी सुट्टीत त्याच्याकडे गेलो होतो. का गेलो? सांगायलाच गेलो होतो, असं स्वतःला बजावत होतो. त्याने पुन्हा कधी मशीन हातात घेतलं नव्हतं. नजरेचा भरवसा नाही, म्हणायचा. डॉक्टरने दोनदा डोळे तपासून ठीक सांगितले, तरी. पेट्रोल पंपावर काम करत होता. त्याने मुलांना जवळ बोलावलं, माझ्याकडे बोट करून म्हणाला, "चूक माझी होती. पण या माणसाने माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही."

मुलं माझ्या पाया पडली. वहिनींनी पान वाढलं.

मी जेवलो. आग्रह झाला तेव्हा भात पुन्हा घेतला.