टाकीवरचं रानअळूचं पान

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. भिंगाखाली पितळी पार्ट बघायचे आणि जरा खोट दिसली की बाजूला टाकायचे, एवढंच काम. रिटायर झाल्यावर कॅमेरा घेतला, वर मॅक्रो लेन्स घेतली आणि बेडकांच्या मागे लागले. बेडूकच का, असं सगळे विचारतात. अहो, ते एका जागी गप्प बसतात आणि ‘घरी कोण कोण असतं?’ म्हणून चौकशा करत नाहीत.

घरी मीच असते. नवऱ्याला जाऊन आठ वर्षं झाली. मुलगी बंगळूरला नोकरी करते.

ठाकुर्लीला रिकाम्या क्वार्टर्सच्या मागे एक जुनी सिमेंटची टाकी आहे. पावसाळाभर तिच्यात पाणी असतं. गेल्या भाद्रपदात सकाळी तिथे गेलेले, तर टाकीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या वर, मुठीएवढा पांढरा फेसाचा गोळा चिकटलेला. शेजारी झाडावरचा तपकिरी बेडूक, पाय पोटाशी घेऊन झोपलेला. तो फेस म्हणजे त्यांचं घरटं. आत अंडी असतात आणि चार-पाच दिवसांनी पिल्लं त्यातून खाली पाण्यात पडतात. मी कठड्यावर पालथी पडले आणि लेन्स बेडकाच्या डोळ्यापासून वीतभरावर नेली. सगळं झकास होतं, फक्त वरून लोंबणारं रानअळूचं एक पान मध्येच येत होतं. त्याची सावली पडत होती. मला ते खुपलं. पर्समधली कात्री काढली आणि दिलं कापून. फोटो असा आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी गेले तर बेडूक गायब. फेस पिवळा पडून वरून पापडासारखा कडक झालेला, आणि त्याच्यावर थेट टळटळीत ऊन. त्या पानाच्या सावलीवर ती अंडी जगत होती, आणि मी शहाणीने ते खोट म्हणून काढून टाकलेलं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

तशीच घरी गेले आणि इस्त्रीची फवाऱ्याची बाटली आणि छत्री घेऊन परत आले. छत्री बांधून पाहिली, ती वाऱ्याने पाण्यात पडली. मग हातात धरूनच बसले. तीन दिवस, ऊन चढल्यापासून उतरेपर्यंत, थोड्या थोड्या वेळाने फवारा मारत. जेवणाचा डबाही एका हाताने खाल्ला. दुसऱ्या दिवशी कचरा वेचणाऱ्या एका बाईने विचारलं, काय हरवलंय का. बेडकाची अंडी राखतेय म्हटलं. ती हसली नाही. जरा वेळ शेजारी टेकली, पाणी प्यायली आणि कामाला निघून गेली. ती गेल्यावर मला रडूच आलं. त्या तीन दिवसांत माझ्याशी बोललेलं ते एकच माणूस.

तिसऱ्या दिवशी दुपारी फेसाचा खालचा भाग ओघळायला लागला. एक शेपटीवालं काळं पिल्लू टपकन पाण्यात पडलं, वळवळलं आणि पोहत सुटलं. मग दुसरं. वरच्या बाजूची अंडी वाळून गेलेली, ती गेलीच. पण खालची पडत राहिली. माझे दोन्ही हात अडकलेले, कॅमेरा पिशवीत. “पडलं गं, बघ!” असं मी मोठ्याने म्हणाले. मग आजूबाजूला पाहिलं.

शेवटचं पिल्लू पडल्यावर छत्री मिटली आणि मुलीला फोन लावला. या वेळी फोन म्हटल्यावर ती घाबरलीच.

“अगं, पिल्लं जगली,” मी म्हटलं. “बेडकाची.”

“अरे वा. फोटो पाठव ना आई.”

“फोटो नाही काढता आला. म्हणून तर तुला सांगतेय.”

ती मीटिंगमध्ये होती. रविवारी निवांत बोलू, म्हणाली. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. सोमवार होता तो.