राळेचा शेवटचा हात

परवा शेजारच्या सुतारानं राळ तापवली आणि तो उग्र वास खिडकीतून आत आला. निवडायला घेतलेली भाजी पुढ्यात तशीच राहिली.

लढाईची वर्षं होती. माझे सासरे सांगलीत कृष्णेवरच्या नावा बांधत. त्यांचा एकुलता मुलगा, माझा नवरा, आरमारात होता. तो रजेवर आला की दाखवायचं म्हणून त्यांनी त्याच्या जहाजासारखं हातभर लांबीचं सागवानी जहाज केलं होतं. त्या दुपारी मागच्या अंगणात फटींत कापूस ठासून ते वरून तेलात कढवलेली राळ लावत होते.

तेवढ्यात पुढच्या दारी तार आली. ती इंग्रजीत होती. तारवाल्यानंच हळू आवाजात अर्थ सांगितला. जहाज बुडालं होतं आणि माझा नवरा त्याच्याबरोबर गेला होता.

मी अंगणात परत आले.

"कोन आलं हुतं?" सासऱ्यांनी मान वर न करता विचारलं.

"कुनी न्हाई, मामंजी."

राळ निवली की लागत नाही, म्हणून ते भराभर हात मारत होते. मग त्यांनी जहाज माझ्याकडे दिलं. "उन्हाला धर, पोरी. कुठं उजेड दिसतोय का बघ."

मी धरलं. एकाही फटीतून उजेड येत नव्हता.

"आता थेंबभर पानी आत यायचं न्हाई," ते समाधानानं म्हणाले. "लिही त्याला."

"व्हय," मी म्हणाले.

तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला मी घटकाभर सुख दिलं. आता कळतं, ती घटका मी माझ्यासाठीच चोरली होती. त्यांना सांगेपर्यंत मी विधवा नव्हते.

भांड्यातली राळ गोठली, तेव्हा मी कनवटीची तार काढली.