वाय नदीकाठी डॉक्टर सबनीस

नदी दिसली की डॉक्टर सबनीस सायकलवरून उतरत, काठावर बसून पाण्यात हात घालत. "ही नको. फार घाईत आहे," म्हणत आणि पुन्हा पॅडल मारू लागत. त्यांच्या पुढच्या बास्केटमध्ये, सुती पातळात गुंडाळलेल्या, त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, अस्थी होत्या.

ते ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, मी तिथंच विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. दर जूनमध्ये आम्ही सेव्हर्न नदीचा पूल ओलांडून तीन दिवस वेल्समध्ये भटकायचो. जुनी चर्चेस, किल्ले बघायचे आणि ऊन सापडेल तिथं आडवं व्हायचं. "झोपेची किंमत भूल देणाऱ्याला विचारा," ते म्हणत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वहिनी गेल्या. एडिनबराला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं होतं, "बाबा, नाशिकला जाऊया. प्रॉपर करूया." मीही त्याच मताचा. गवंड्याचा पोर मी, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. जे करायचं ते रीतसर, हा माझा बाणा. त्या जूनच्या फेरीत टिंटर्नच्या पडक्या मठात गवतावर बसून चटणी-सँडविच खाताना सरळ म्हणालो, "डॉक्टर, हे बरोबर नाही. गोदावरी ती गोदावरी."

"नाशिकला माझं कोण आहे हो? गुरुजी गोत्र विचारतील, मी सांगेन, झालं, दुपारच्या गाडीनं परत. इथं रविवारी येऊन बसता येईल. तीस वर्षं मी ड्यूटीवर आणि ती खिडकीत. आता वाट बघायची पाळी माझी."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोडा. तुम्ही कशावर चिडलाय ते बोला."

त्याआधी दोन वर्षं माझे वडील गेले, तेव्हा मी गावी पोचेपर्यंत दहावा होऊन गेला होता. धाकट्या भावानं सगळं केलं. डॉक्टरांना ते ठाऊक होतं.

"तुम्हाला पोचता आलं नाही, हा गुन्हा नाही. पण त्याची भरपाई माझ्या बायकोकडून मागू नका."

इतकं स्पष्ट मला कुणी बोललं नव्हतं. तिरीमिरीत सायकल काढली नि मैलभर एकटाच पुढं गेलो. एका चढावर थांबलो. बऱ्याच वेळानं ते सायकल ढकलत, धापा टाकत आले.

पुढच्या वळणावर वाय रुंद होती, संथ होती. डॉक्टरांनी पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. "ही चालेल तिला." मंत्र आम्हा दोघांनाही धड येत नव्हते. त्यांनी पातळ उलगडलं, अस्थी सोडल्या. "सुमन, रविवारी येतो हं," एवढंच म्हणाले.

मी पाठ फिरवून उभा होतो.

"इकडे या. वडिलांचं नाव काय?"

"धोंडिराम."

"मला सांगू नका. ओंजळ घ्या, पाण्याला सांगा."

बूट काढून मी उतरलो. पाणी हाडापर्यंत गार होतं. या देशात बापाचं नाव मी फक्त फॉर्मवर लिहिलं होतं. दोन ओंजळी नाव घेऊन सोडल्या; तिसरीचं पाणी नाव घेण्याआधीच बोटांतून गळून गेलं. डॉक्टर पँट दुमडून शेजारी येऊन उभे राहिले आणि माझं कोपर धरून म्हणाले, "सावकाश. आपल्याला कुठंही पोचायचं नाही."