डांगराचं कालवण

डांगराचं कालवण मी आयुष्यात एकदाच केलं, आणि ते करताना मी पूर्ण शुद्धीवर होते.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा जिल्ह्याकडे, डांगर म्हणजे खरबूज. उन्हाळ्यात वैनगंगेचं पाणी आटलं की रेतीत वाड्या लागतात, वेल पसरतात, आणि एप्रिल उजाडला की पिवळ्याधमक डांगरांचे ढीग रस्त्याच्या कडेला येऊन बसतात. कापायचं, वर साखर भुरभुरायची, खायचं. बिया पोरींनी वाळत घालायच्या आणि वाळायच्या आत फस्त करायच्या. यापलीकडे डांगराचं कोणी काही करत नाही. मी केलं.

दोष माझा नाही, शुद्ध मराठीचा आहे.

तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, त्यामुळे मला सगळं माहीत होतं. साकोलीत दोन खोल्यांचं भाड्याचं घर. आमचे हे बसवर कंडक्टर, साकोली-भंडारा फेरी. दोन मुली: रंजू चौथीत, मिनी पहिलीत. आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्याच वर्षी मी पुण्याला मावसबहिणीकडे आठ दिवस राहून आले होते, आणि आल्यापासून माझी जीभ इकडच्या बोलीकडे वळायचीच बंद झाली होती. घरात मी फतवा काढला. जो 'मले-तुले' म्हणेल, त्याला आमरस मिळणार नाही!

"मले कायले पायजे तुझा रस!" आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं आणि माझ्यासमोर दोन वाट्या पिऊन दाखवल्या.

पुण्याबद्दल साकोलीत कोणालाही काहीही विचारायचं असलं तर माझ्याकडे यावं, अशी माझी अपेक्षा होती. (आठांतले पाच दिवस मला तिथे ताप होता आणि मी फक्त मऊ भात खाल्ला होता. हे मी इकडे कोणाला सांगितलं नव्हतं.)

अशात रंजूच्या शाळेत दामले मॅडम आल्या. अस्सल पुण्याच्या. यजमानांची बदली साकोलीला झाली म्हणून आलेल्या. एक मेला झेंडावंदनाच्या वेळी एका मुलीनं महाराष्ट्र दिनाचं भाषण करायचं होतं आणि रंजूला ते जिवापाड हवं होतं. पोरीनं भाषण पाठ करून ठेवलं होतं. रोज दुपारी ती कूलरच्या पुढ्यात तोंड नेऊन ते म्हणायची, कारण त्या वाऱ्यात आवाज थरथरतो आणि माइकमधून आल्यासारखा वाटतो. आमच्या कूलरला ते भाषण माझ्याआधी पाठ झालं असेल.

एक दिवस ती शाळेतून आली ती दप्तर फेकूनच.

"मॅडम म्हनते, आवाज चांगला हाये, पन 'मले' म्हनतेस. दुसऱ्या पोरीले देऊ का म्हनून विचार करून राहिली."

"'म्हणते' म्हणावं, रंजू."

"तेच तं!" असं म्हणून ती कूलरमागे जाऊन रडत बसली.

माझ्या घरातल्या मुलीच्या भाषेवर ठपका? जी बाई पुण्यात आठ दिवस राहिली तिच्या मुलीच्या? मी ठरवलं, मॅडमना घरीच जेवायला बोलवायचं. आमचं घर किती शुद्ध आहे ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावं! मी रंजूच्या हाती चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, वळणदार अक्षरात:

'रविवारी दुपारी नक्की येते. मात्र एवढ्या उन्हात फार घाट घालू नका. थोडं डांगर कालवलंत तरी पुरे. मला फार आवडतं.'

मी ते तीनदा वाचलं. डांगर. कालवलंत. पुण्यात डांगराचं कालवण करतात!

"काय लिवलं हाये वं?" आत्याबाईंनी विचारलं.

"डांगराचं कालवण करायला सांगितलं आहे."

"डांगराचं? पोट बिघडलं हाये का बाईचं?"

"आत्याबाई, पुण्याला करतात."

"तू खाल्लं का तिथं?"

"हो मग! रोज!"

हे 'रोज' मला नडलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर नंतर कोणाला तरी विचारता आलं असतं. पण रोज खाणारी बाई कृती कशी काय विचारणार?

ह्यांना मी सांगितलं, कारध्याच्या पुलाजवळ बस थांबली की चार डांगरं घ्या, पण कालवणाची घ्या. संध्याकाळी हे पिशवी घेऊन आले.

"वाडीवाल्या बाईले विचारलं मी. थे म्हने, भाऊ, जलम गेला रेतीत वाडी लावून, पन कालवनाचं डांगर काई आमच्याइथं अजून उगवलं नाई."

"त्यांना काय कळतंय!" मी म्हटलं.

रविवार उजाडला. बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, आणि मी चुलीपाशी. कालवण म्हटलं की मला एकच माहीत होतं, मासळीचं. तेच करायचं ठरवलं. कांदा, लसूण, भाजलेलं खोबरं, खसखस, गरम मसाला. त्यात डांगराच्या फोडी सोडल्या. पाचच मिनिटांत फोडींनी एवढं पाणी सोडलं की चुलीवरच्या गंजात वैनगंगा परत आली! ते गोड लागत होतं म्हणून तिखट टाकलं. तिखट झालं म्हणून गूळ टाकला. गूळ टाकल्यावर ते पुन्हा गोड झालं, म्हणजे पुन्हा तिखट. वास असा सुटला, जसं कोणी अत्तराच्या दुकानात मासोळी तळून राहिलं आहे. शेजारचं मांजर दारापर्यंत आलं, आत डोकावलं आणि विचार करत परत गेलं.

"आज माया उपास हाये," आत्याबाई म्हणाल्या.

"कशाचा?"

"डांगराचा."

मुलींना मी शेवटची ताकीद दिली. तोंडातून फक्त दोन वाक्यं निघायला हवीत, 'हो मॅडम' आणि 'नको मॅडम'. तिसरं निघालं तर आठ दिवस रस बंद. रंजूनं गंभीरपणे मान हलवली. तिचं सगळं भाषणच त्या ताटात वाढलेलं होतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मॅडम आल्या. छत्री, डोक्यावर ओला रुमाल, चेहरा टमाटरासारखा लाल. पाट मांडला, पोळ्या वाढल्या आणि मी अभिमानानं वाटी पुढे केली. मॅडमनी वाटीत पाहिलं.

"हे...?"

"डांगर!" मी म्हटलं.

"अच्छा," त्या हळूच म्हणाल्या. "डांगर."

त्यांनी एक फोड तोंडात घातली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, पण पुण्याच्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. बराच वेळ त्या चावत राहिल्या. (डांगर शिजून लोणी झालं होतं. चावायला त्यात काय उरलं होतं कोण जाणे!) मग म्हणाल्या, "वेगळंच आहे हो."

मी ते कौतुक म्हणून घेतलं. पुढे कित्येक वर्षं ते माझ्याकडे कौतुक म्हणूनच होतं.

तेवढ्यात मिनीनं घास घेतला.

"माय वं!" ती किंचाळली. "डांगरात काहून तिखट टाकलं? मले नाई पायजे!"

एका दमात माय, काहून, मले आणि पायजे! मी आठ दिवस दाबून धरलेलं सगळं त्या सहा वर्षांच्या पोरीनं एका घासात ओकलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं की मॅडम, ही तर तुमच्याच पुण्याची पद्धत, पण त्याच वेळी माझ्या स्वतःच्या कालवणाचा मला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही.

तेव्हा रंजू उठली. दोन्ही हात अंगाशी सरळ, हनुवटी वर, अगदी कूलरसमोर उभी राहायची तशी.

"मॅडम, आमच्या झाडीपट्टीत उन्हाळ्यात डांगराचं कालवण करण्याची पूर्वापार पद्धत आहे. त्यामुळे ऊन बाधत नाही. माझी बहीण लहान असल्याने तिला अजून त्याची सवय झालेली नाही."

स्वयंपाकघरात आत्याबाईंच्या हातून लोटा पडला.

"किती स्वच्छ बोललीस गं!" मॅडमचा चेहरा एकदम उजळला. वाटीत काय आहे याचा उलगडा झाल्याचं समाधानही त्यात असावं. "ठरलं. एक मेचं भाषण तूच करायचंस!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि मला याची कृती लिहून द्या हं. असे जुने पदार्थ जपायला हवेत."

मी दिली. काय करणार! ठसका थांबेपर्यंत पदार्थ जुना होऊन गेला होता. प्रामाणिकपणे सगळं लिहिलं, 'पाणी सुटल्यास घाबरू नये' हेसुद्धा.

मॅडमची छत्री कोपऱ्यावर दिसेनाशी झाली आणि मी रंजूचा कान धरला.

"काहून खोटं बोलली वं?" (शुद्ध मराठी माझीच सुटली, तीही अशी.)

"तू शुद्ध बोल म्हनली होती," रंजू म्हणाली. "खरं बोल असं कवा म्हनली?"

त्या दिवशी आमरस सगळ्यांना मिळाला. एक मेला रंजूनं भाषण केलं, एकही शब्द न अडखळता. शेवटी टाळ्या पडल्या, आणि तिचं तोंड अजून माइकपाशीच होतं. साऱ्या मैदानानं ऐकलं, "मॅडम, आता मले पानी पायजे." टाळ्या पुन्हा पडल्या. त्यात मॅडमच्याही होत्या.

दोन वर्षांनी मॅडम बदली होऊन गेल्या. रंजू मोठी झाली, आणि लग्न करून कुठे गेली? पुण्याला. पहिल्याच उन्हाळ्यात तिचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

"आई, बसून ऐक. सासूबाईंनी आज डांगर केलंय. उडदाच्या पापडाचं पीठ, दह्यात कालवायचं, कांदा घालायचा, वरून फोडणी. झालं."

"आणि शिजवायचं कधी?"

"शिजवायचंच नाही!"

मी खाली बसले. बिचाऱ्या बाईनं उन्हात घाट घालू नका म्हणून लिहिलं होतं. नुसत्या हातानं कालवायचं होतं! आणि मी चूल पेटवून डांगराच्या मागे मसाला घेऊन लागले होते. तिला वाटलं ही झाडीपट्टीची चव, मला वाटलं ही पुण्याची, आणि दोघी एकमेकींचा मान राखत वाटी चाटूनपुसून संपवत होतो.

एवढ्यावर हे थांबायला हवं होतं. पण या मे महिन्यात रंजूची मुलगी ओवी सुट्टीला माझ्याकडे आली आहे. पाचवीत आहे, हातात सतत फोन. परवा दुपारी कूलरसमोर लोळता लोळता ओरडली, "आजी, हे बघ, तुमच्याकडचा पदार्थ!"

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या दामले मॅडम. चेहरा तसाच, काही न कळणारा.

"नमस्कार. आज आपण करणार आहोत झाडीपट्टीतलं पारंपरिक डांगराचं कालवण. साकोलीला असताना एका सुगरणीनं मला हे शिकवलं. पाणी सुटल्यास घाबरू नये."

खाली लोकांनी लिहिलेलं ओवी वाचून दाखवू लागली. नागपूरच्या एक बाई म्हणत होत्या, 'माझी आजी अगदी असंच करायची!' गोंदियाच्या एकीनं खसखस कमी पडल्याची तक्रार केली होती.

ओवीचे डोळे चमकत होते. "आजी, तू करतेस हे? आज कर ना! आपण दोघी खाऊ!"

खरं सांगावं असं एक क्षण वाटलं. मग नागपूरच्या त्या बाईंची आजी आठवली. उगाच कशाला तिला खोटं पाडायचं?

"करून देईन," मी म्हटलं, "पण तू एकटीनं खायचं. माझा उपास आहे."

"कशाचा?"

"डांगराचा."