डॉक्टर वहिनींची उत्तरं

माझ्या बायकोने अठरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये जेवढी माणसं घाबरवली नसतील, तेवढी मी दोन रविवारांत घाबरवली, आणि तीही एकाच्याही तोंडात न डोकावता.

मृणाल दातांची डॉक्टर आहे. गुरुग्राममध्ये आमच्या सोसायटीच्या मार्केटात तिचं क्लिनिक आहे. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे, म्हणजे इतरांनी केलेल्या कामाच्या स्लाइड्स मी करतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाने ठरवलं, की व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर रविवारी दुपारी 'डॉक्टर वहिनींना विचारा' असा कार्यक्रम करायचा. मृणालने हो म्हटलं. पण तिला मोबाइलवर मराठी टाइप करायचा भारी कंटाळा. त्यामुळे ती सोफ्यावर आडवी पडून उत्तरं सांगायची आणि मी तिच्या फोनवर ती उतरवायचो.

पहिल्या रविवारी प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. स्केलिंग केलं की दात हलायला लागतात का? (नाही. कीटण निघाल्यावर मोकळं मोकळं वाटतं, एवढंच. दात सैल झालेले असतात ते आधीच, हिरड्या खराब झाल्यामुळे.) वरचा दात काढला की नजर कमी होते का? (नाही.) दुधाचे दात पडणारच आहेत, मग ते भरायचे कशाला? (कारण वेळेआधी गेले तर मागून येणाऱ्या दातांची जागा चुकते.) ब्रश कडक चांगला की मऊ? (मऊ. आपण दात घासतोय, कढई नाही.) लवंगेच्या तेलाने भागतं का? (तात्पुरतं भागतं. म्हणून तर लोक माझ्याकडे उशिरा येतात.)

दुसऱ्या रविवारी तेच प्रश्न. तिसऱ्या रविवारीही तेच, फक्त विचारणारे वेगळे. तेव्हा माझ्यातला मॅनेजर जागा झाला. दातांविषयी जगात एकूण अकराच प्रश्न आहेत, असा शोध मला लागला. मी अकराही उत्तरं एका फाइलमध्ये लिहून ठेवली. लिहिताना लक्षात आलं, की मृणालच्या प्रत्येक उत्तराला एक शेपूट असायचं: 'पण आधी बघावं लागेल.' हे मला अगदीच मुळमुळीत वाटलं. क्लायंटला ठोस उत्तर हवं असतं. मी अकराच्या अकरा शेपटं कापून टाकली.

मग चौथ्या रविवारी तिचा डोळा लागला होता, तिला उठवलंच नाही. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून तिची पाठ धरते, तिला एक दुपार तरी झोप मिळावी, हा माझा शुद्ध हेतू होता. (हे मी नंतरही बऱ्याचदा सांगून पाहिलं.) कॉपी, पेस्ट, कॉपी, पेस्ट. पंधरा मिनिटांत मी बावीस जणांना मार्गी लावलं. लोकांनी टाळ्या दिल्या, फुलं दिली. 'वहिनी, एकदम क्लिअर!' असं कुणीतरी लिहिलं तेव्हा मला खरोखर भरून आलं.

पाचव्या रविवारी देशमाने काकूंचा प्रश्न आला. या काकू आमच्याच सोसायटीत राहतात आणि सकाळी माझ्या आईबरोबर पार्कात फिरतात. त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारते. वय एकाहत्तर. खालचे पुढचे दोन दात हलतात. काय करावं?'

हा प्रश्न अकरांत नव्हता. पण तोवर माझा हात चांगलाच बसला होता. मी लिहिलं, 'हलणारे दात काढून टाकणे हाच उपाय. नंतर कवळी बसवावी.' एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण फार कोरडं वाटलं म्हणून पुढे जोडलं, 'या वयात दातांचा मोह ठेवू नये.' आणि हात जोडल्याची खूण टाकली.

आता आईविषयी सांगायला हवं. आई वाईला शाळेत इतिहास शिकवायची. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. तीस वर्षं तिने मुलांना पानिपत शिकवलं, पण पानिपत कधी पाहिलं नव्हतं. दर संक्रांतीला आमचं मंडळ बस करून पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला जातं, आणि या वर्षी तिथे मुलांना युद्धाची गोष्ट सांगायचं काम आईकडे आलं होतं. आई महिनाभर तयारी करत होती. वही भरली होती, नकाशा काढला होता, आमच्या अकरा वर्षांच्या ईराला समोर बसवून तीन वेळा रंगीत तालीम झाली होती. इतक्या खुशीत मी तिला बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

आणि अचानक ती गप्प झाली. भाकरी बंद, नुसता कालवलेला भात. हसली की पदर तोंडावर. एक दिवस म्हणाली, "काला अंबला दुसऱ्या कुणाला तरी बोलायला सांगा. माझा घसा धरतो हल्ली." घसा व्यवस्थित होता, कारण भाजीवाल्याशी ती चौथ्या मजल्यावरून बोलत होती.

मी ताबडतोब निष्कर्ष काढला, की आई रुसली आहे. कशावर, ते शोधायला मी कागद घेऊन बसलो. दिल्लीची थंडी. ईराचं हिंदी. स्वयंपाकाच्या बाईंचे जाड फुलके. शेवटी ठरवलं, की कारण काहीही असो, आईला खूश करायचं. म्हणून रोज ऑफिसातून येताना खाऊ आणायला लागलो. पहिल्या दिवशी गजक आणली, म्हणजे इकडची तिळाची चिक्की. दुसऱ्या दिवशी रेवड्या. तिसऱ्या दिवशी गुडदाणी. ती हातात घेऊन आई माझ्याकडे बघायची आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मुलाचं प्रेम पाहून येत असणार, असं मी मृणालला सांगितलं. मग शनिवारी मी हरयाणातला ताजा ऊस आणला, पाच फूट, सोलून.

त्या दिवशी ईराला राहवलं नाही. ती म्हणाली, "बाबा, बस करो ना यार. आजीला चबायलाच होत नाहीये. तिने मला प्रॉमिस घ्यायला लावलं होतं, कोणाला सांगू नको म्हणून."

मृणालने हातातलं काम टाकलं. आईला बाल्कनीत उन्हात बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. आई आधी तयारच नव्हती. सासूने सुनेपुढे आ करायचा म्हणजे तिला फारच अवघड वाटत होतं. अखेर तिने डोळे मिटून घेतले आणि तोंड उघडलं. मृणालने फोनच्या उजेडात पाहिलं, बोटाने हलकेच हलवून पाहिलं.

"आई, कधीपासून हलतायत? मला का नाही सांगितलंत?"

आई म्हणाली, "तू दिवसभर तेच करतेस. घरी आल्यावर तुला परत माझं तोंड कशाला दाखवायचं? आणि तुझं उत्तर तर मला मिळालंच होतं."

"माझं उत्तर?"

आईने पानिपतची वही आणली. शिक्षिकाच ती, महत्त्वाचं काही आलं की उतरवून ठेवायची सवय. शेवटच्या पानावर, देशमाने काकूंच्या फोनवरून उतरवून, सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'हलणारे दात काढून टाकणे हाच उपाय. या वयात दातांचा मोह ठेवू नये.' खाली तारीख होती. हात जोडल्याची खूणसुद्धा तिने पेनाने काढली होती.

आई हळू आवाजात म्हणाली, "खरं आहे तुझं. मोह नकोच. फक्त वाटलं, संक्रांत होईपर्यंत राहिले असते तर बरं झालं असतं. बोळक्या तोंडाने 'सदाशिवरावभाऊ' म्हणता येत नाही गं. आरशासमोर करून बघितलं मी."

आई आरशासमोर ओठ आत ओढून भाऊसाहेबांचं नाव घेत उभी राहिली असेल, आणि त्या वेळी मी तिच्यासाठी ऊस सोलून घेत होतो. मृणालने वहीवरून नजर उचलली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीला पाणी घालायला लागलो. तुळशीत पाणी आधीच काठोकाठ होतं.

"हे मी लिहिलेलं नाही," ती आईला म्हणाली. "मी असं कुणालाही, न बघता, कधीच सांगणार नाही. तुम्हाला तर नाहीच."

पुढच्या दहा मिनिटांत माझी अकरा उत्तरांची फाइल सापडली, वाचली गेली आणि पुसली गेली. त्या दहा मिनिटांचं वर्णन मी करणार नाही. ईराने मात्र ते तिच्या शाळेत केलं आहे.

सोमवारी मृणालने दुपारच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि आईला खुर्चीत बसवलं. हिरड्यांखाली वर्षानुवर्षांचं कीटण होतं. दोन खेपांत सगळं साफ केलं, मग ते दोन दात मागून बारीक तार लावून शेजारच्या घट्ट दातांना बांधून टाकले. किती दिवस टिकतील, असं आईने भीत भीत विचारलं. मृणाल म्हणाली, "नीट काळजी घेतली तर बरीच वर्षं टिकतील. पण लिहून देणार नाही. आपल्या घरात लिहिणारी माणसं वेगळी आहेत."

त्याआधी, रविवारी, मला ग्रुपवर जाहीर खुलासा टाकावा लागला होता: गेल्या दोन रविवारची उत्तरं डॉक्टरांची नसून त्यांच्या यजमानांची आहेत, तरी कुणी दात काढू नयेत. त्यावर एकानेही फूल दिलं नाही. दिल्लीत कोपर्निकस मार्गावर नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी तर त्याच आठवड्यात अक्कलदाढ काढायची वेळ घेतली होती, त्यांना फोन करून थांबवावं लागलं. (मृणालने बघितल्यावर ती काढावीच लागली, पण हे कुणीच लक्षात घेत नाही.)

संक्रांतीला काला अंबला चांगलं ऊन होतं. आई स्मारकाजवळ उभी राहिली आणि अर्धा तास बोलली. 'सदाशिवरावभाऊ' असा खणखणीत उच्चार पहिल्यांदा झाला, तेव्हा मृणालने माझा हात घट्ट धरला, आणि मला वाटलं, आता आपल्याला माफी मिळाली.

शेवटी एका मुलाने विचारलं, "आजी, पण मग आपण का हरलो?"

आईने हातातली वही मिटली. "कारणं पुष्कळ आहेत बाळा," ती म्हणाली. "थंडी होती, उपासमार होती. आणि प्रत्यक्ष येऊन न बघता, लांब बसून सल्ले देणारी शहाणी माणसं फार होती."

मंडळातल्या सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मृणाल आणि ईरा मात्र माझ्याकडे वळून बघत होत्या. आपलंही नाव इतिहासात यावं असं मला शाळेत असताना फार वाटायचं. त्या दुपारी ते आलं, पराभवाच्या कारणांमध्ये.