बिनखांबाचं तळघर

आमच्या थोरल्या भावाला जुनं घर पाडून नव्या घराखाली तळघर बांधायचं होतं आणि त्यात एकही खांब नको होता. अल्लीपूरला घराभोवती बैलगाडी वळेल एवढी मोकळी जागा. तरी हा निवृत्त मास्तर जमिनीखाली निघाला. नागपुरात कुणाकडे तरी पाहून आला होता. उन्हाळ्यातल्या लग्नाची पंगत खाली थंडाव्याला बसते म्हणे!

घरांचे नकाशे काढणं हा माझा धंदा. मी सांगून पाहिलं, ही काळी माती. पावसात फुगते, भिंतींना रेटते.

"माती मले नको शिकवू," भाऊ म्हणाला. "खांब काऊन पाह्यजे, थे सांग."

"वर घर आहे म्हणून."

"जमत नसन तं नागपूरवाल्याले देतो."

खांबाचा एवढा राग का, ते सगळ्या घराला पाठ होतं. बाबांच्या तेरवीला भावाचे सासरे जुन्या घराच्या हॉलमध्ये खांबाआड बसले. वाढप्याला दिसले नाहीत. शेजारचे भुरके मारत होते आणि यांचं पान कोरडं. ते उठले, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर लेकीच्या घरचं पाणीही प्यायले नाहीत. आता नातीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी या घरी पंगतीला बसावं, एवढंच वहिनीचं मागणं होतं.

वाढपी मी होतो. आणि ते मला चांगले दिसले होते.

सकाळपासून म्हातारा आमच्या बाबांच्या फाटक्या संसाराला नावं ठेवत होता. बाबा जाऊन तेरा दिवस झालेले. मी वरणाची बादली घेऊन त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेलो. नंतर कुणीतरी खांबाला दोष दिला, मी तो देऊ दिला. खांबाला तोंड नसतं. मला होतं, पण ते मी वापरलं नाही.

तर त्या खोटेपणाचा नकाशा मीच काढला. मध्ये खांब नाही म्हणून छताचे बीम कमरेइतके जाड. ते डोक्याला लागू नयेत म्हणून खड्डा आणखी खाली. भिंतींबाहेरची काळी माती काढून मुरूम भरला. एक माणूस मला दिसला नव्हता, हे शाबीत करायला केवढं ते लोखंड! भाऊ रोज येऊन छताकडे बघायचा, जणू आकाश त्यानेच टांगलंय.

लग्नाला सासरे आले. भावाने त्यांना तळघराच्या मधोमध बसवलं आणि पुढच्या पाहुण्याला छत दाखवायला गेला. मी बादली घेऊन त्यांच्यापुढे वाकलो. त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"खांब कुठी गेला, बाबू?"

"काढला, मामाजी."

"काऊन? त्याचा काई कसूर होता का?"

वहिनी पोळ्यांची परात घेऊन तिथेच थबकली होती.

"नोता," मी म्हणालो. "तुमी मले दिसले होते."

म्हाताऱ्याने मग हात बाजूला घेतला.

"मले मालूम होतं. वाढ."

मी वाढलं. वहिनीने त्यांना पोळी वाढली, माझ्याकडे पाहिलं नाही. पलीकडून भावाचा आवाज येत होता, "एकई खांब नाई! म्हनून तं बसले मामाजी."