सिंगापूरला जाऊन स्थळाची चौकशी करून आलो

मंडळी, आज डोकं फिरलंय. इथं लिहितोय, कारण घरी बोलायची सोय नाही.

शनिवार-रविवार एकटाच सिंगापूरला गेलो होतो. कॉलेज अर्धवट सोडून मी आमच्या शहरातल्या बनी पार्क भागात ज्या ट्रॅव्हल ऑफिसात कामाला बसतो, तिथून तिकीट स्वस्तात मिळालं. खरं कारण वेगळं. ओळखीच्या घरातली एक मुलगी सिंगापूरला नोकरी करते. शाळेपासून आवडते, पण तिला कधी सांगितलेलं नाही.

निघताना तिची आई, आदर्श नगरच्या काकू, म्हणाल्या, "चाललाच आहेस तर एक काम कर. तिला तिथलंच एक स्थळ आलंय. मुलाची जरा चौकशी कर. तू काय, घरचाच!"

तिला भेटलोच नाही. मतलब, हिंमतच झाली नाही. मुलाला मात्र भेटलो. भला माणूस निघाला, त्याचाच जास्त राग आला. मला जेवायला नेलं, मेट्रो कशी पकडायची ते समजावलं. मग रविवारभर एकटा भटकलो. उंच इमारती, चकचकीत रस्ते, नदीकाठी फोटो काढणारी जोडपी. सगळ्या शहराला शिव्या घालत फिरलो.

आज दुपारी काकूंनी विचारलं, "कसा आहे रे मुलगा?"

तोंडातून निघून गेलं, "रोज पितो, काकू."

काकांनी तिथल्या तिथे फोन करून नकार कळवला. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बरं झालं तू गेलास. परक्यानं इतकं खरं सांगितलं असतं का?"

आता खरं सांगायला गेलो, तर खोटं का बोललो तेही सांगावं लागेल. तुम्ही सांगितलं असतं?